विमा उतरवला

एजंटच्या टेबलावरचं पेन नर्सबाईंनी तीनदा उचललं आणि तीनदा खाली ठेवलं. घड्याळात सव्वातीन झाले होते. साडेचारला लायसन्सचं ऑफिस बंद होणार होतं. गाडीच्या विम्याचा कागद दाखवल्याशिवाय आठ महिने निलंबित असलेलं लायसन्स काही परत मिळणार नव्हतं. आज ते हातात पडलं नाही, तर उद्यापासून त्यांची फेरी कायमची दुसऱ्या नर्सकडे जाणार होती. घरोघर जाऊन जखमा बांधायच्या, अशी अकरा घरं होती. सकाळपासून तीन कंपन्यांनी हात वर केले होते. विमा नसताना गाडी चालवणारी बाई कोणाला हवी आहे?

शेजारी वहिनी मुठीत किल्ली धरून बसल्या होत्या. दादाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून बाईंना गाडीतून आणायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. वाटेत दोघी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

वहिनींची भाषा वेगळी. मराठी त्या लग्नानंतर शिकल्या आणि बिनधास्त बोलू लागल्या. दूध उतू गेलं की ‘दुधाला राग आला’ म्हणायच्या. नर्सबाईंना चुका सुधारायची भारी हौस, त्या लगेच टोकायच्या. पण कागदपत्रांत वहिनींचा हात कोणी धरला नसता, म्हणून घरातल्या सगळ्या गाड्यांचे कागद त्याच बघायच्या. विम्याची मुदत संपत आली तेव्हा बाईंनी घाईघाईत निरोप पाठवला, ‘वहिनी, माझ्या गाडीचा विमा उतरवून टाका.’

वहिनींनी अंगातला कोट उतरवावा तसा तो उतरवला. चक्क रद्द करून टाकला. बाई गाडी विकणार असतील, असं त्यांना वाटलं. महिन्याभराने पोलिसांनी चौकात गाडी अडवली, तेव्हा सगळं बाहेर आलं.

मग बाईंनी वहिनींच्या मराठीची आख्ख्या गोतावळ्यात शोभा केली. फोन करकरून सांगितलं. तेव्हापासून वहिनींनी बोलणंच टाकलं. हो, नाही, ठीक आहे, एवढ्यावर त्या दिवस काढायच्या.

“विमा का नव्हता, ते इथे लिहा,” एजंट म्हणाला. “नातेवाइकाची चूक झाली, मला पत्ताच नव्हता, असं टाका. वरचे लोक लवकर हो म्हणतात.”

“लिहा,” वहिनी खाली बघत म्हणाल्या. “खरं आहे ते.”

बाईंनी पर्स जवळ ओढली. तिच्यात जुन्या विमा कंपनीचं पाकीट होतं. काल गाडीचा कप्पा साफ करताना ते मिळालं. विम्याचा नवा कागद आला असेल असं समजून, न फोडता त्यांनीच ते तिथे कोंबलं होतं. आत लिहिलं होतं, ‘आपला विमा रद्द झाला आहे. चूक असल्यास पंधरा दिवसांत कळवा.’ पोलिसांनी पकडायच्या तीन आठवडे आधीचं पत्र! काल रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तीन पंचवीस. अकरा घरं. पाकीट फाडून टाकलं तर कोणाला कळणार होतं?

“वहिनी,” त्या म्हणाल्या आणि पाकीट टेबलावर ठेवलं. “मला कळवलं होतं हो. मी उघडूनच पाहिलं नाही.”

वहिनींनी पत्र सावकाश वाचलं, मग पुन्हा वाचलं. घडी घालून त्यांनी ते एजंटपुढे सरकवलं.

“कशाला दाखवलंत?” एजंट वैतागला. “आता हेही पाठवावं लागेल.”

बाईंनी खरं कारण लिहिलं आणि सही केली. एजंटने ते वर पाठवलं. मग नुसती वाट बघणं. बाई उठल्या, बसल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा उठल्या. वहिनी हातातली किल्ली फिरवत राहिल्या.

चारला पाच कमी असताना एजंटने मान वर केली.

“झालं. विमा उतरवला.”

“घातला की काढला?” दोघी एकदम ओरडल्या.

“मिळाला हो, मिळाला!”

यंत्रातून कागद बाहेर आला. नर्सबाईंना रडू फुटलं. हसावं की माफी मागावी, त्यांना कळेना, आणि माफी तर अजून मागायचीच होती. वहिनी मात्र केव्हाच दारापाशी पोचल्या होत्या.

“ताई, पळा!” त्या ओरडल्या. “लायसन्सचं ऑफिस मावळेल!”

बाईंच्या ओठांवर बरोबर शब्द आलाच होता. तो त्यांनी गिळला.

“हो, चला,” त्या म्हणाल्या. “मावळायच्या आत पोचू.”