तपासणीच्या कागदावरची सही

पूनमने आकुर्डीत डिप्लोमा केला आणि चाकणच्या एका छोट्या कंपनीत लागली. कंपनी विजेवर चालणारे मालवाहू टेम्पो जुळवायची. गाडीतले ब्रेकचे, मोटरचे, स्टिअरिंगचे डबे दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात, त्याला कॅन बस म्हणतात, एवढंच तिला ठाऊक होतं. बाकीचं ती टेबलावर शिकली. दोन डबे स्वतः जोडले, लॅपटॉपवर आकडे पळू लागले, तेव्हा तिला कोण आनंद झाला. प्रत्येक डब्याला नंबर असतो, दोघांनी एकदम तोंड उघडलं तर लहान नंबरवाला बोलतो, दुसरा थांबतो, हा नियमही तिथेच कळला.

पुढे टेम्पोंना गाडीचा ठावठिकाणा सांगणारा ट्रॅकर त्याच तारांवर बसवला. त्याला सगळ्यात लहान नंबर दिलेला, आणि रेंज गेली की तो अखंड बडबडायचा. पूनमने तारांवरच्या निरोपांचं रेकॉर्डिंग तपासलं. पुरे दीड सेकंद स्टिअरिंगच्या डब्यापर्यंत एकही निरोप पोचला नव्हता. तेवढा वेळ स्टिअरिंग दगडासारखं जड होणार. तिने साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, गाड्या उद्या निघायच्यात, दुरुस्ती मागाहून बघू. तिने गाड्या पास केल्याच्या कागदावर सही केली. नोकरीला चारच महिने झाले होते.

अकराव्या दिवशी तळेगाव रस्त्याच्या वळणावर जयसिंगचा टेम्पो उभ्या कंटेनरवर आदळला. जयसिंग कंपनीचा ड्रायव्हर, धाराशिवकडचा, पूनमला ताई म्हणणारा. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. कंपनीने लिहिलं, ड्रायव्हरला डुलकी लागली.

पूनम दवाखान्यात भेटायला गेली, तर जयसिंगही बायकोला तेच सांगत होता. गाडी वळलीच नाही, म्हणजे आपलाच डोळा लागला असणार.

पूनम उभीच राहिली. "दादा, तुम्हाला डुलकी लागली नव्हती. स्टिअरिंग जड झालं. मला आधी माहीत होतं."

जयसिंग कोपरावर जोर देऊन उठून बसला. मग म्हणाला, "गाडी पास कुणी केली?"

"मी."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. बायकोने फळांची पिशवी पूनमच्या हातात परत दिली.

दुसऱ्या दिवशी पूनमने रेकॉर्डिंग आणि सहीच्या कागदाची प्रत पोलिसांकडे नेऊन दिली. त्याच आठवड्यात तिला कंपनीच्या गेटवरच अडवून कामावरून काढल्याचं सांगितलं. ट्रॅकर सगळ्या टेम्पोंतून निघाले, जयसिंगवरचा ठपकाही गेला. चौकशीत त्याने साहेबांचं आणि तिचं, दोघांचंही नाव घेतलं. त्याचा जबाब वाचून दाखवल्यावर अधिकाऱ्याने तिला काही हरकत आहे का, असं विचारलं. पूनमने नाही म्हणून सांगितलं.