नवा गडी

तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून शालन टीव्हीतल्या मैदानात उभी दिसू लागली. तिचा गेमचा कन्सोल लावला की ती दिसायची. भगवंतराव ढोबळ्यांना त्याचं नवल वाटलं नाही. मैदानात कुठेच सावली नव्हती, आणि बायकोला ऊन सोसत नाही, एवढीच काळजी त्यांना लागून राहिली.

तिचे जुने गडी रोज दुपारी येत, दिवाणावर बसून तिच्याबरोबर खेळत. जो येई त्याच्यापुरता दिवाण लांब होई. बेबीताई शेटे सगळ्यांत जुन्या. त्यांचे अंगठे आता बटणांसारखे गोल झाले होते.

एके दिवशी गेमच्या कंपनीचा माणूस आला. त्याने दिवाणावरून नजर फिरवली.

"हे सगळे आमचेच. नवीन कुणी येतं का?"

"नवख्यांना जमत नाही," बेबीताई म्हणाल्या. "मागे एक बाई आली होती. उडी कशी मारायची ते विचारत बसली. चहा पाजून वाटेला लावली तिला."

"आज एक तरी नवा गडी मिळाला नाही, तर कन्सोल बंद करून नेणार. जुन्यांवर किती दिवस चालवायचं?"

"मग शालन?" भगवंतरावांनी विचारलं.

"त्याबरोबर सगळंच बंद होतं, काका."

भगवंतराव शेजाऱ्यांना बोलवायला उठले. पण दिवाण लांबत लांबत दाराला टेकला होता, दार उघडेना. घरात नवा म्हणावा असा माणूस आता एकच होता. भगवंतरावांनी खुंटीवरची छत्री काखेत मारली आणि खेळायचा रिमोट हातात घेतला.

"अहो, उलटा धरलाय," टीव्हीतून शालन म्हणाली.

त्यांनी तो सुलटा केला, आणि ते मैदानात होते. गवत तापलं होतं. शालनचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली.

"जेवता ना वेळेवर?"

"जेवतो."

"खोटं बोलू नका. सदरा बघा कसा लोंबतोय."

काचेपलीकडे माणसाने पेन काढलं. "नवा गडी, एक."

बेबीताईंना कीव आली. पहिल्याच उडीला भगवंतराव बाद व्हायचे.

"भाऊजी, भिऊ नका," त्यांनी हाक दिली. "तुम्ही कच्चा लिंबू. तुम्हाला कुणी बाद करणार नाही."

माणसाने पेनाला टोपण लावलं. "कच्चा लिंबू मोजत नाहीत."

"असं कसं? आत्ता तर लिहीत होता."

"लहानपणी तुम्ही मोजायचात का?"



त्याने वायर उपसली. दिवाण आखडत गेला. मैदानातले गडी एकेक करून बाद झाले.

शालनने पदर खोचला. "चला, संपला डाव."

"चल," म्हणत भगवंतरावांनी पाऊल उचललं. ती गेली. त्यांना जाता येईना. कच्चा लिंबू बाद होत नाही.

माणूस हाताला वायर गुंडाळत निघून गेला. खोलीतला टीव्ही काळा झाला. मैदानात ऊन तसंच होतं. भगवंतराव उन्हात उभे होते, आणि छत्री त्यांनी हात लांब करून शेजारच्या रिकाम्या गवतावर धरली होती.