झाकणातली कृपा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर फुंकरबाबा! बाटलीत एक फुंकर मारायची, सेवेकऱ्याने आपलं खास झाकण लावून बाटली हलवायची आणि ते पाणी प्यायलं की गुडघेदुखी पसार.

"हे नुसतं पाणी आहे, लेकरांनो! ताकद श्वासात आहे!" बाबा गरजत होता. भिंतीवर तपासणीचा दाखलाही टांगलेला: पाणी शुद्ध. अरे, जंतू शोधणाऱ्याने जंतू शोधले. औषध शोध, असं त्याला कुणी सांगितलं होतं?

माझी ताईही भक्त. जिने चढायला लागली खरी, पण साखर भडकली, पायाची जखम काळी पडली. डॉक्टर घरी येऊन बजावून गेले, "उशीर केलात तर पाय जाईल." ताईचं आपलं एकच, "बाबा आहेत ना!" माझं तर डोकंच फिरलं.

ताईची लेक औषधांच्या प्रयोगशाळेत आहे. यंत्र घेऊन ती सरळ मंचावर चढली.

"तपास की, पोरी!" बाबा हसला. दाखला पाठीशी असताना त्याला भीती कसली!

फुंकर मारल्याबरोबर भाचीने एक थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतला. सेवेकऱ्याने झाकण लावून बाटली हलवल्यावर दुसरा.

"या पट्टीवर चांदीचे कण आहेत, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे," ती म्हणाली. "थेंबावर लेसर सोडला की त्यातला पदार्थ प्रकाश विखुरतो. प्रत्येक पदार्थाची तऱ्हा वेगळी. एरवी तो दिसतही नाही, पण चांदी तो प्रकाश लाखो पटींनी वाढवते."

यंत्राच्या पडद्यावर पहिल्या थेंबाची रेघ सपाट. दुसऱ्याच्या रेघेला शिखरंच शिखरं! शेजारी औषधाच्या नमुन्याची रेघ. शिखराला शिखर जुळलं.

"स्टेरॉइड! झाकणाच्या आतल्या या चकतीत मुरवलंय. दुखणं दबतं, पण साखर चढते, जखम भरत नाही."

"माझ्या श्वासाचं औषध झालं, हाच चमत्कार!" बाबा ओरडला.

"मग पहिल्या थेंबात का नाही झालं?"

बाबा बाटली पाठीमागे लपवायला लागला. तेवढ्यात गर्दीतून एक महाभाग विचारतो, "झाकणं सुटी मिळतील का हो?" मी कपाळावर हात मारला.

ताई उठली. पायाची पट्टी सोडली. पुढच्या रांगेने नाक धरलं.

"घ्या झाकणं!" ती कडाडली. "मलाही बरं वाटत होतं!" मग लेकीचा हात धरून हळूच म्हणाली, "चल गं, दवाखान्यात."

दोन बोटं गेली, पाय वाचला. बाबांनो, बरं वाटलं तर खुशाल आनंद करा. पण कशाने वाटलं, ते विचारा. बोटं जाईपर्यंत थांबू नका.