तेरा पुडे

"सर, हे पत्ते कायचे? माह्या गाडीत जुगार चालत नाई," कंडक्टर लच्छू म्हणाला, तसं मुखरू रामटेके सरांनी मांडीवरचं खोकं आणखी घट्ट धरलं.

"जुगाराचे नाई, भाऊ. संगणकाचे. याच्यात गणित आहे."

"येवढ्या पत्त्यांत एकच?"

"एकच. आन् थेही अजून सुटलं नाई."

नऊशे दहा पत्ते होते. प्रत्येकाला संगणकानं वाचायची बारीक चौकोनी भोकं, कोपऱ्यात सरांनी पेन्सिलीनं टाकलेला नंबर. गडचिरोलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवता शिकवता सर नऊ वर्षं हेच गणित करत होते. नागपूरच्या संगणकावर आज दुपारी दोन ते तीन एवढाच वेळ त्यांच्या वाट्याला आला होता. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदतही आजच संपत होती. संध्याकाळपर्यंत उत्तराचा आकडा दाखवला तर मुदतवाढ, नाही तर नऊ वर्षं पाण्यात.

आरमोरीच्या पुढं ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. म्हैस वाचली, खोकं वाचलं नाही.

"पत्ते सांडले!" सर ओरडले.

मागच्या बाकांवर तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, फडावर निघालेल्या बाया होत्या. पत्ते म्हटल्यावर त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. रुखमाबाईनं पदर खोचला.

"सोमारे, उचल वं! सर, तुमी बसा निवांत. नंबर येतात आमाले. फडावरचा मुन्शी मोजून राह्यला का झोपून राह्यला, थे आमालेच पाहा लागते."

सर बसले. तेवढ्यात लच्छूनं विचारलं, "पण गणित आहे कायचं?"

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. घरी मुलीनंही नाही.

"नायोबियम नावाचा धातू आहे," सर सरसावून म्हणाले. "लय थंड केला का वीज त्याच्यातून न अडता जाते. चिखलात बैलबंडी गेली का चाकोरी पडते ना? मागची बंडी आपसूक तिच्यात येते. धातूत तसंच. एक इलेक्ट्रॉन गेला का आजूबाजूचे अणू जरासे हलतात, चाकोरी पडते, मागचा तिच्यात ओढला जाते. थे चाकोरी किती खोल, हे मी काढतो."

"टेप लावून?"

"न पाहता! एका अणूत एक्केचाळीस इलेक्ट्रॉन, येवढंच धरायचं. बाकी सारं गणितानं. कोणाचं मोजमाप उसनं घ्याचं नाई."

"पाह्यलं तं काय बिघडते?"

"पाह्यलं आहे ना दुसऱ्यांनी. मोजून ठेवलं आहे."

"मंजे उत्तर मालूम आहे?"

"आहे."

"आन् तुमी नऊ वर्सं..." लच्छूनं तिकिटांच्या पेटीवर कपाळ टेकलं.

इतका चांगला विद्यार्थी सरांना कॉलेजात मिळाला नव्हता. नागभीड येईपर्यंत त्यांचे हातवारे चालले होते. तिथं उतरताना रुखमाबाईनं तेरा पुडे खोक्यात रचून दिले. नंबरवारी, सत्तर-सत्तरचे, पळसाच्या मुळीनं बांधलेले. सरांनी वरचे नंबर पाहिले. एक, एकाहत्तर, एकशे एक्केचाळीस. त्यांनी हात जोडले.

दुपारी दोनला यंत्र सुरू झालं आणि छत्तिसाव्या पत्त्याला अडलं. पत्ता उलटा होता. त्याखालचे चौतीसही उलटे. सगळ्या पुड्यांत तेच. तेंदूचा पुडा असाच बांधतात, पस्तीस पानं सुलटी, पस्तीस उलटी. बायांनी कामात कसर ठेवली नव्हती.

सरांनी फरशीवर मांडी घालून चारशे पंचावन्न पत्ते एकेक करून सुलटे केले. तीनला अकरा मिनिटं उरली. गणिताला चाळीस लागत. यंत्र गुरगुरलं, कागदावर आकड्यांच्या रांगा उतरल्या, आणि उत्तर यायच्या आधीच पुढच्या माणसाचा गठ्ठा लागला.

ऑपरेटरनं रजिस्टर पुढं केलं. "पत्ते कोणी बिघडवले ते लिहा, डॉक्टरसाहेब. बसमधल्या बायांनी, असं तुमीच म्हणत होते ना? नावं टाका त्यांची. दुसऱ्याची चूक असली तं आजच चारला तासभर देता येते. सोताची असली तं नाई."

नावं सरांना ठाऊक होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग कारणाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: मी बोलत होतो.

खाली सही केली, नावाआधी काही न लावता.