नारळाखालचा पाइप

खंडेनवमीपासून आमच्या कारखान्याची जमीन श्वास घेत होती, पण सोडत नव्हती. आधी ती बॉयलरजवळ पोळीसारखी फुगली, मग कँटीनपर्यंत. मी बूट काढून तिच्यावर उभा राहिलो. तळव्यांना ऊब लागली. गंमत वाटली.

कारण साधं होतं. जमिनीखालच्या गटारात आम्ही गरम पाणी सोडतो आणि त्याची वाफ एका उंच पाइपातून बाहेर जाते. आमचे फिटर मिठबावकर यांनी पूजेच्या दिवशी त्या पाइपाच्या तोंडाला आंब्याची पानं लावून वर नारळ बसवला होता.

"का हो?" मी विचारलं.

"उघडं तोंड बरं दिसत नाही, साहेब. आता कसा कलश झाला."

"मग काढा आता."

"उत्तरपूजा झाल्याशिवाय? भटजी पौर्णिमेला येतायत."

तोवर गटाराची झाकणं उचलायला लागली. आमच्या शिफ्ट इन्चार्ज तांडेलबाई सगळ्यांत मोठ्या झाकणावर जाऊन बसल्या, तेव्हा ते थांबलं. मग बाईंसकट वर निघालं. दुपारी त्या शेडच्या छपराच्या पत्र्याला टेकल्या. खालून वाफ दाबतच होती.

"खांबेटे," त्या मला म्हणाल्या, "मान वाकवून बसलेय. आता आणखी वाकत नाही."

मला त्यांची काळजी वाटली. नारळाखाली काय चाललंय याची उत्सुकताही होती, खरं तर तीच जास्त. देवाचं काम म्हणून अनवाणीच शिडी चढलो, अक्षता वाहिल्या आणि नारळ हलवला.

पाइपाला तोंडच नव्हतं. लोखंड कडांनी वाढत मधे जुळून आलं होतं. नारळ ठेवलेला, मग तोंड हवंय कशाला, असं त्याला वाटलं असावं.

लहान मुलाला सांगतात तसं मी वाकून सांगितलं, "आ कर. आऽऽ."

पाइपाने ऐकलं नाही. उघडं तोंड फक्त माझं होतं. तळव्यांतून ऊब चढली, पोटात शिरली आणि वाफ होऊन माझ्या तोंडातून बाहेर पडू लागली. जमीन हळूहळू बसली. बाई झाकणासकट खाली आल्या आणि मान चोळत उभ्या राहिल्या. त्यांनी वर बघून हात केला. मला तोंड मिटता येईना, बोलता येईना, पण फार बरं वाटलं.

पौर्णिमेला भटजी आले. मिठबावकर शिडी चढून माझ्यापर्यंत पोचले. त्यांच्या बगलेत नवा नारळ होता, शेंडी विंचरलेली.

"मान जरा वर करा, साहेब," ते म्हणाले आणि माझ्या ओठांभोवती आंब्याची पानं नीट लावू लागले.

खाली तांडेलबाई पुन्हा झाकणाकडे चालू लागल्या.