चंद्रमती आत्या पहिल्या रांगेत

शुक्रवारी सकाळी दहा वाजता चर्चच्या मंडळीची उपास-प्रार्थना सुरू झाली आणि चंद्रमती आत्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं गेलं. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या पास्टरनी, स्वतः त्यांच्या खांद्यावर शाल पांघरली. तंजावुरात मान द्यायचा तर शाल हवीच.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या विनुताला हे सगळं ओळखीचं वाटलं.

चर्चमागची आत्यांची अबोलीची बाग कमिटीला गाड्या लावायला हवी होती. आत्या प्रत्येक वेळी एकच सांगत, "माझ्या अप्पांची, वडिलांची जागा. विकायची नाही." पुन्हा विचारण्याआधी कमिटीनं उपास जाहीर केला.

विनुता वर्षभर रविवारी मोठ्यांच्या वर्गाला बायबलमधले इस्राएलचे राजे शिकवत होती. नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा धडा तर गेल्याच महिन्यात झाला. अहाब राजाला मळा हवा होता. वाडवडिलांचा म्हणून नाबोथ देईना, तसं अहाबानं रुसून जेवण टाकलं. तेव्हा ईजबेल राणीनं उपास पुकारायला लावला, नाबोथाला मानाच्या जागी बसवलं आणि दोन खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेतला. वर्ग हळहळला होता. सगळ्यात मोठं "आमेन" रमणचं होतं. रमण म्हणजे विनुताचा नवरा, कमिटीचा सेक्रेटरी आणि आत्यांचा सख्खा भाचा.

तिनं त्याला व्हरांड्यात गाठलं.

"उपास, मानाची जागा. कुठं वाचलंय आठवतं का?"

"अगं, ईजबेल म्हणजे खोट्या देवाची, बआलाची पूजा करणारी बाई. आपण प्रभूची प्रार्थना करतोय."

"अहाबानं निदान जेवण टाकलं होतं. तुमच्या मिशीला कॉफी लागलीय."

रमणनं मिशी पुसली. "मी अहाब, तर ईजबेल कोण? जपून बोल हो, बायकोच होती त्याची."

"थट्टा पुरे. आज साक्ष कोण देणार आहे?"

"आहेत दोघं," तो सहज म्हणाला. "का?"

भिंतीवर डोकं आपटावं असं विनुताला वाटलं. माणसं धडा ऐकतात, मान डोलावतात आणि अहाब नेहमी शेजारच्या बाकावर शोधतात.

दोघं आत येऊन बसले तोच पहिला साक्षीदार उठला. प्रभूनं स्वप्नात त्याला बाग दाखवली होती आणि फाटकात अडून उभी असलेली एक हट्टी बाई. दुसऱ्यालाही तेच स्वप्न पडलं होतं, फक्त त्याच्या स्वप्नात गाड्या जास्त होत्या. अशा हट्टानं साऱ्या मंडळीवर शाप येतो, असंही तो म्हणाला.

विनुता उभी राहिली. "राजांच्या पुस्तकातला एक अध्याय वाचू?"

"आज वर्ग नाही, सिस्टर. बसा," पाळक म्हणाले.

"टीचर, परीक्षा कधी?" मागून कुणीतरी तमिळमध्ये विचारलं. हशा पिकला. रमणही हसला.

पाळकांनी माइक आत्यांच्या हातात दिला. "अम्मा, प्रभूनं मनात काय घातलं ते सांगा."

आत्यांनी वळून घरच्या मराठीत विचारलं, "विनुता, उपासाच्या त्या दिवशी नाबोथ काय म्हणाला गं?"

"काही लिहिलेलं नाही, आत्या. त्याला कुणी विचारलंच नाही."

रमणचं हसू थांबलं. मराठी न कळणारे एकमेकांकडे पाहू लागले. पाळकांनी माइक परत घ्यायला हात पुढे केला. आत्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाजवळ नेला.