पेन्शनर मंडळी

तीनदा धुतलेला सदरा. बादलीतल्या पाण्यावर तरीही इंद्रधनुषी तवंग.

पुढच्या दोन पायांनी नाक पुसणारा पांढरा उंदीर.

गॅलरीत उताणं ठेवलेलं जाड, पारदर्शक झाकण. त्यात माती, मातीत टोमॅटोची रोपं.

खोकला. मग “काही नाही, काही नाही.” मग परत खोकला.

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी करायचं, हे तिचं काम. तिथे काचेच्या पेट्यांमध्ये उंदीर ठेवून आत खनिज तेलाचं धुकं सोडत. अगदी विरळ, आरशावर धरलेल्या वाफेसारखं. दिवसभर त्यांनी तेच हुंगायचं. पेटी उघडली की जो वास येई, तो तिच्या ओळखीचा होता. नवऱ्याच्या सदऱ्याचा. त्याचा जन्म कारखान्यात लेथच्या यंत्रावर गेला होता; तापलेल्या लोखंडावर तेल पडायचं, त्याची वाफ थेट नाकात जायची.

पहिल्या खेपेचे उंदीर कापले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसं चिमट्यात धरून दाखवली होती. फिकट, फुगलेली. आतल्या पेशी तेल गिळतात, पण ते त्यांना पचत नाही, असं त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी मावशीने घरी जाऊन जे तोंड सोडलं, ते नवऱ्याने नोकरी सोडेपर्यंत मिटलं नाही. उंदरांसाठी नवऱ्याला घरी बसवणारी जगात तूच एक, असं म्हणत का होईना, पण त्याने ऐकलं.

ऐकलं ते एका आशेवर. काही उंदीर मागे ठेवले होते. त्यांचं धुकं बंद झालं होतं आणि ते स्वच्छ हवेत नुसते बसून खात होते. फुप्फुसं आपली आपण बरी होतात का, ते बघायला. त्यांची गोष्ट ऐकून नवऱ्याची कळी खुलली. त्याने त्यांचं नावच ठेवलं, पेन्शनर मंडळी. रोज ती दारात चप्पल काढते न काढते तोच गॅलरीतून विचारणा व्हायची. आज जेवले का, भांडले का. एकजण फार लठ्ठ झालाय आणि दुसऱ्यांचं खातो, असं तिने सांगितलं, तेव्हा तो माझ्यावर गेलाय म्हणून हा संध्याकाळभर खूश. ती चार गोष्टी पदरच्या घालायची. त्या ऐकल्या की तो जिना एका दमात चढून दाखवायचा. हल्ली दोन दमांत.

आज मंडळींची पाळी होती.

उंदीर उचलण्याआधी मावशी तळहात एकमेकांवर चोळून गरम करायची. गार हात लागला की जनावर दचकतं. आजही तिने चोळले, जरा जास्तच वेळ. लठ्ठ्या सगळ्यात शेवटी नेला. एरवी ती पिंजरे धुवायला निघून जायची. आज दाराशी उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसं काढून वजन केलं, बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“बरी झाली का हो?” मावशीने विचारलं.

“सूज थोडी उतरलीय. तेल मात्र आहे तिथेच आहे.” बाईंनी मान वर केली, मावशीचा चेहरा बघितला. “अहो, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय आपलं धुकं फार दाट होतं.”

“मग थोडं थोडं, पण तीस वर्षं... असं दिलंय का कुणी?”

बाईंनी सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी काढून ठेवली.

“तितकं उंदीर जगत नाही, मावशी.”

संध्याकाळी नवरा गॅलरीतच होता, झाकणातल्या रोपांना पाणी घालत.

“काय म्हणते मंडळी?”

“सोडलं त्यांना आज.”

“कुठे?”

“मागच्या बागेत.”

“म्हणजे बरे झाले.” तो रोपाचं पान चाचपत राहिला. “मांजर नाही ना तिकडे?”

“नाही.”

तो हसला. हसता हसता खोकला लागला आणि तो खुर्चीवर वाकला. मावशी मागे जाऊन उभी राहिली. तिने तळहात एकमेकांवर चोळले, गरम होईपर्यंत चोळले, आणि मग त्याच्या पाठीवर ठेवले.

लेथ नवा आला तेव्हा त्याच्यावर तेलाची वाफ अडवणारं एक पारदर्शक झाकण होतं. काम नीट दिसत नाही म्हणून त्याने ते पहिल्याच आठवड्यात काढून घरी आणलं.